ताण

इंजिनिअरिंग मेकॅनिकलचं आणि नोकरी सॉफ्टवेअरची, अशा पुण्यात ढिगाने सापडणाऱ्या जमातीतला मी एक. चार वर्षं जे शिकलो त्याचा नोकरीत कधी उपयोग झाला नाही. आणि एकदा व्हायचा होता, तेव्हा नेमकं ते विसरलो. त्याचीच ही गोष्ट.

माझा मामा मालवणचा. छोटी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन. दसऱ्याच्या सुमारास सुरमई लागते, तेव्हा तो होडीमागे गळ ओढत फिरतो. याला ट्रोलिंग म्हणतात. नेटवर लोक एकमेकांना करतात ते नव्हे, आणि मोठे ट्रॉलर जाळं ओढतात तेही नव्हे. होडी पाच-सहा नॉटने चालत राहते, मागे पन्नास मीटरवर चकचकीत खोटा मासा, आणि सुरमई त्यावर झडप घालते. मामाकडे ना रॉड, ना रीळ. जाड तंगूस (आपल्याकडे नायलॉनच्या दोऱ्याला हाच शब्द), एका लाकडावर गुंडाळलेला. सुरमईचे दात कात्रीसारखे, म्हणून गळाच्या अलीकडे हातभर तार. आणि होडीकडच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधलेला. हे सगळं बघून मला हसू यायचं. एकविसाव्या शतकात सायकलची ट्यूब?

मग गेल्या वर्षी बोनस मिळाला तेव्हा मी खरेदीला लागलो. दोन आठवडे रात्री जागून स्पेसिफिकेशन्स वाचली, एक्सेल शीटसुद्धा केली. (हसू नका, तुम्हीही मोबाइल घेताना करता.) शीटचा निकाल स्पष्ट होता. ५० पौंडांचा नायलॉनचा दोरा साधारण पाऊण मिलिमीटर जाड, तर तेवढ्याच ताकदीचा पॉलिथिलीनच्या धाग्यांचा वेणीसारखा विणलेला दोरा जवळजवळ निम्म्या जाडीचा. रिळावर जास्त मावतो, पाण्यात कमी ओढला जातो, ताणतही नाही. रॉड घेतला कार्बनचा, आठ फुटी, पिसासारखा हलका. सगळ्या रकान्यांत पहिला नंबर!

मामाने दोरा बोटात धरून बघितला. "ह्यो ताणत नाय रे," म्हणाला. मी म्हटलं, तोच तर फायदा आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. रॉड होडीच्या काठाला टेकवून बांधला होता आणि ड्रॅग, म्हणजे रिळातला घर्षणाचा ब्रेक, मी जवळजवळ पूर्ण आवळला होता. मासा सुटू नये म्हणून! आठच्या सुमारास सुरमई लागली. रीळ वाजलंच नाही. काड्कन आवाज आला आणि रॉड काठापाशी मोडला. मी नुसता बघत राहिलो. मामाने मात्र आयुष्यभर जे केलं तेच केलं, पुढे होऊन दोरा हाताने धरला.

तंगूस असता तर तळव्यावर वळ उठला असता. या बारीक दोऱ्याने तळहात चिरला. मामाने हात सोडला तेव्हा होडीत रक्त पडत होतं आणि मी ड्रॅगची चकती कुठल्या दिशेला फिरवायची तेच आठवत होतो. सात टाके पडले. ऐन सुरमईच्या दिवसांत मामाची होडी तीन आठवडे किनाऱ्यावर. मी पैसे देऊ केले. "पैशे नको माका," एवढंच म्हणाला. मामी काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

पुण्याला परत येताना बसमध्ये कॉलेजची लॅब आठवली. तिथे आम्ही पट्टी ताणून ताणून तोडायचो आणि आलेख काढायचो. मास्तर ओरडून सांगायचे, नुसतं शिखर बघू नका, आलेखाखालचं क्षेत्रफळ बघा. पदार्थ तुटण्याआधी किती ऊर्जा पचवतो ते तिथे कळतं. मी दोन आठवडे फक्त शिखर बघत होतो. नायलॉन तुटण्याआधी ढोबळमानाने २० ते ३० टक्के ताणला जातो. म्हणजे पन्नास मीटरमागे दहा-पंधरा मीटर. माझा वेणीचा दोरा ३-४ टक्के, म्हणजे फार तर दोन मीटर. होडी एका दिशेला, मासा दुसऱ्या दिशेला, आणि तो हिसका पचवायला तेवढीच जागा. मामाकडे तंगूस होता आणि वर ती सायकलची ट्यूब. माझ्याकडे एक्सेल शीट.

वेणीचा दोरा वाईट नाही. उभ्या होडीतून खोल पाण्यात गळ सोडायचा तर माशाची टोच त्यावर लगेच कळते. ट्रोलिंगलाही तो वापरतात, पण रिळात खाली, आणि वरचे शंभरेक मीटर नायलॉन. मी सगळं नायलॉनच घेतलंय. रॉड काचतंतूंचा, साडेपाच फुटी. वजनाला जड, पण वाकतो आणि ठोके सोसतो. लांब रॉड ही तरफ आहे, आणि तिचा फायदा माशाला मिळतो, आपल्याला नाही. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ५० पौंडांना सहा-सात किलो. तो अंदाजाने लावायचा नसतो. मी बॅग तोलायचा काटा खिडकीच्या ग्रिलला बांधून रविवारी दुपारभर दोरा ओढत बसलो. शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या. आणखी एक, मासा दोरा घेऊन पळाला आणि रिळावरच्या गुंडाळीची त्रिज्या निम्मी झाली की तेवढ्याच ब्रेकला दोऱ्यावरचा ताण दुप्पट होतो. अशा वेळी घाबरून ड्रॅग आवळायचा नाही, सैल करायचा.

नायलॉन पाणी पितो, उन्हात कमकुवत होतो, म्हणून दरवर्षी बदलावा, असं मी कुठेतरी वाचलं आणि मोठ्या उत्साहाने मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, नारळी पौर्णिमेला नवीन तंगूस भरायचा हे त्याच्या बापापासून चालत आलंय. मग विचारलं, ट्यूब कशाला बांधतोस ते आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, "धक्को खंय तरी जिरूक व्हयो. तू इंजिनेर, तुका काय सांगू?"

असो. या वर्षी दसऱ्याला पुन्हा जातोय. मामाची करंगळी अजून पूर्ण मिटत नाही. काय काय आणू म्हणून विचारलं, तर जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हातमोजे घेवन ये. दोन जोड."