'फिट'चा शिक्का

भुसावळ, मनमाड, दौंड, सोलापूर ही नुसती जंक्शने नाहीत. आम्हा अनेक मुसलमान कुटुंबांची ती गावे आहेत. आमच्या घरांतल्या दोन-तीन पिढ्या रेल्वेत गेल्या. फायरमन म्हणून लागलेले पुढे ड्रायव्हर झाले. आता ड्रायव्हरला लोको पायलट म्हणतात. नाव बदलले, छातीवरचा भार तोच राहिला.

पूर्वी रात्री-अपरात्री कॉल बॉय दार ठोठवायचा, आता फोन येतो. झोप मोडायची ती मोडतेच. मग तासन्‌तास एका जागी बसायचे, नजर सिग्नलवर. जेवण रनिंग रूममध्ये, मिळेल त्या वेळी. जागे राहायला चहा आणि तंबाखू. रमजानमध्ये सहेरी एका गावी, इफ्तार दुसऱ्या.

2004 साली 'इंटरहार्ट' हा 52 देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, व्यायामाचा अभाव अशा मोजक्या नऊ गोष्टींतच बहुतेक हृदयविकाराच्या झटक्यांचे मूळ सापडले. दक्षिण आशियात पहिला झटका इतरांपेक्षा कमी वयात येतो, हेही दिसले. ती यादी म्हणजे आमच्या घरांचेच वर्णन.

यादीत नसलेली एक गोष्ट मात्र आम्ही जवळून पाहतो : भीती. ड्रायव्हरची ठरावीक मुदतीने डॉक्टरी तपासणी होते. अनफिट ठरला तर दुसरे काम मिळते. पण इंजिन सुटते आणि किलोमीटरचा भत्ताही सुटतो. त्याच भत्त्यावर बहिणीचे लग्न, पोराचे कॉलेज, घराचा हप्ता असतो. म्हणून ब्लडप्रेशर लपवले जाते. खासगी डॉक्टरची गोळी गुपचूप घेतली जाते. 'फिट'चा शिक्का बसला की घरात दावत होते, आणि "अल्लाह मालिक" म्हटले की विषय संपतो.

आजाऱ्याला आणि मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आमच्या दीनने दिली आहे. जीव ही अमानत आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. मग अमानतीत खयानत कशाला? मागच्या डब्यांत झोपलेले हजारेक जीव, तीही अमानतच.

भत्त्याचे नुकसान भरून निघावे, ही मागणी युनियनने लावून धरावी. घरच्यांचे काम त्याहून सोपे आहे. तपासणीहून अब्बा परतले की "शिक्का मिळाला का?" असे न विचारता "प्रेशर किती निघाले?" एवढे विचारावे.