तिसरं बटण

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी मोबाइल ॲप लिहितो. लिहितो म्हणजे काय, तर पैसे पाठवायच्या एका भल्या मोठ्या ॲपमधले दोन-चार स्क्रीन माझ्या वाट्याला येतात. सकाळी स्टँडअपमध्ये काल काय केलं, आज काय करणार ते सांगायचं, मग टिकीट, म्हणजे वाट्याला आलेल्या कामाची नोंद, उघडायचं, टिकीट बंद करायचं. ॲप किती जण वापरतात त्याचा आकडा मला माहीत असायचा, पण त्यातलं एकही माणूस कधी भेटलं नव्हतं. पगाराबद्दल तक्रार नाही, घराचा हप्ता त्यातूनच जातो. तरीही रविवारी संध्याकाळी पोटात खड्डा पडायचा. कंपनीत ‘पर्पज’ या विषयावर अधूनमधून सेशन व्हायचं. तिथल्या स्लाइड बघून कुणाचा असा खड्डा भरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

डेव्हिड ग्रेबर या मानववंशशास्त्रज्ञाचं निरर्थक नोकऱ्यांवरचं पुस्तक 2018 मध्ये आलं. जी नोकरी करणाऱ्यालाच तिचं कारण सांगता येत नाही, ती निरर्थक, असं त्याचं साधारण म्हणणं. माझी त्यात बसते की नाही, हे मला ठरवता येईना. माझ्या बाजूने बोलायला साक्षीदारच नव्हता.

अशात एका मैत्रिणीने अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून माझं नाव परस्पर देऊन टाकलं. सेवाभाव वगैरे काही नाही, माझे शनिवार मोकळे असायचे इतकंच. परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावं, असा तेव्हा नियम होता. म्हणून मी, बी.ई. झालेला, एका अंध मुलाच्या एम.ए.च्या राज्यशास्त्राच्या पेपरला बसलो. तासाला 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. तो मुलगा सांगत होता आणि मी लिहीत होतो. एके ठिकाणी वाक्य अडखळलं, तसा मी ते जरा सरळ करायला गेलो. माझं पेन रेंगाळलेलं त्याला ऐकू आलं असावं. म्हणाला, “दादा, सुधारू नका. चुकलं तर माझं चुकू दे.”

पेपरनंतर कँटीनमध्ये चहा घेतला. पैसे मीच देतो म्हणत त्याने फोन काढला. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक त्याने इतक्या वेगावर ठेवला होता की मला एक शब्द कळेना, नुसती टरटर. माझ्यासाठी त्याने वेग कमी केला, तेव्हा ऐकू आलं: “अनलेबल्ड, बटन. अनलेबल्ड, बटन. अनलेबल्ड, बटन.” तिसरं बटण शिल्लक दाखवतं, पाचवं पैसे पाठवतं, हे त्याने पाठ करून ठेवलं होतं. “अपडेट आलं की क्रम बदलतो. मग पुन्हा कुणाला तरी विचारायचं,” तो सहज म्हणाला. ॲप आमच्या कंपनीचं नव्हतं. पण चित्राच्या बटणाला आवाजासाठी नाव दिलं नाही, तर ज्यात आम्ही ॲप लिहितो तो अँड्रॉइड स्टुडिओ पिवळी सूचना दाखवतो आणि आमच्या धंद्यात ती सूचना सगळेच ओलांडून पुढे जातात, हे मला चांगलंच माहीत होतं. नाव द्यायला एक ओळ लागते.

सोमवारी मी आमच्या ॲपमधल्या पिवळ्या सूचना मोजायला बसलो. मॅनेजर म्हणाले, “याचं टिकीट आहे का?” नव्हतं. मीच काढलं आणि ते यादीच्या तळाशी जाऊन बसलं. मी रिकाम्या वेळात एकेक स्क्रीन घेत राहिलो. पुढे 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट अंध आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या माणसांना बाहेर ठेवते, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर माझं टिकीट एकदम वर आलं. आला असेल निकालाचा धाक, मला चालतो.

बाकीचं काम पूर्वीसारखंच कंटाळवाणं आहे. क्लायंटला निळा रंग आवडला नाही म्हणून परवा दुपार गेली. पण हातातला स्क्रीन झाला की मी टॉकबॅक लावतो, डोळे मिटतो आणि पैसे पाठवता येतात का बघतो. टीममधली नवी मुलगी आधी हसली, आता तीही करते. तारीख निवडायचं कॅलेंडर मात्र अजून नीट बोलत नाही; महिना बदलला की ते गप्प होतं. सध्या आम्ही दोघं त्याच्यामागे आहोत.