डालड्याच्या डब्यातली बाग

गिरगावातल्या चाळींत १९६०-७०च्या दशकांत वाढलेल्या आपल्या पिढीची बाग जमिनीवर नव्हतीच, ती गॅलरीच्या कठड्यावर होती. डालड्याच्या पिवळ्या डब्यावर कंपनीने ताडाचं झाड आधीच छापलेलं. आत तुळस, पानओवा नाहीतर गवती चहा. डबा रिकामा झाला की वडील खिळ्याने बुडाला भोकं पाडत, तळाशी विटांचे तुकडे, वर माती. ही माती मिळवायचीच मारामार. मे महिन्यात गावाहून एसटीने फणस-आमसुलांबरोबर पिशवीभर तांबडी माती यायची. कंडक्टरने विचारलंच तर नाचणीचं पीठ!

नळाला पाणी तासदोन तास. ते झाडाला घातलं तर आई फाडून खाईल. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी मात्र तिने कधी मोरीत जाऊ दिलं नाही. तेच झाडांचं पाणी आणि तेच खत. ते ठिबकून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर पडे आणि सगळी चाळ गोळा होई. संध्याकाळी त्याच काकू चहासाठी गवती चहाची दोन पाती मागायला वर येत. आईही देत असे, वर एखादं जास्तच.

सगळ्यात पसरला तो ओवा. जाडसर, लवदार पान, कडा कातरलेल्या. नुसता हात लागला तरी वास दिवसभर बोटांना. फांदी मोडून खोचली की रुजते, त्यामुळे एका डब्यातून तो बिऱ्हाडागणिक पोचला. पावसात भजी, सर्दीला काढा. हौसेने आणलेला गुलाब मात्र कुणाकडेच टिकला नाही. समोरच्या चाळीच्या सावलीत ऊन जेमतेम दोन तास, त्याला हवं पाचसहा तास. दोष उन्हाचा, पण शिव्या बिचाऱ्या गुलाबवाल्याला.

आता आपली नातवंडं विसाव्या मजल्यावर राहतात आणि महागड्या कुंड्या, कोकोपीट मागवून महिनाभरात कंटाळतात. त्यांना एवढंच सांगा: आधी खिडकीत ऊन किती तास येतं ते बघा. मग मिसळणाच्या डब्यातले मूठभर मेथीदाणे रात्रभर भिजवा आणि भोकं पाडलेल्या पसरट ट्रेमध्ये दाट पेरा. बाजारात वाळूत वाढवलेल्या समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात ना, तशीच ही कोवळी उपटायची. दोन आठवड्यांत भाजी ताटात येते.