चंद्री

चंद्रीची शिंगं मानेच्या दोन्ही अंगांनी मागे वळून थेट खांद्यापर्यंत गेलेली होती. लांब, चपटी, तलवारीच्या पात्यासारखी. नागपुरी म्हैस ओळखायची ती याच शिंगांवरून. जुनी माणसं तिला एलिचपुरी म्हणत, कारण अचलपूरचं जुनं नाव एलिचपूर. कुणी वऱ्हाडीही म्हणत. आमच्या म्हशीच्या कपाळावर पांढरा चांद होता, शेपटीचा गोंडाही पांढरा, म्हणून सासूबाईंनी नाव ठेवलं चंद्री. सावनेरकडच्या एका गवळ्याकडून २००६ साली ती घरी आली, तेव्हा पहिल्या वेताची गाभण होती.

आमचं घर महादुल्याला. हे कोराडीच्या वीज केंद्रात पाळीवर, मी शाळेत शिकवायची, घरी सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात दूधधंदा करतात, असं लोक आमच्याबद्दल बोलत. पण म्हशीला उरलेला वेळ चालत नाही. सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारेत बारा तासांचं अंतर लागतं. ते आज दहा, उद्या चौदा असं होत गेलं की दूध तुटायला लागतं. यांची पाळी तर सतत बदलायची. त्यामुळे पहाटेची धार कधी हे काढत, कधी मी, आणि संध्याकाळची बहुतेक सासूबाई.

म्हशीच्या कासेत आयतं उतरलेलं दूध फार थोडं असतं. बहुतेक सगळं वर, बारीक पिशव्यांमध्ये अडून राहतं. पान्हा सुटल्याशिवाय सड कितीही ओढा, हाती काही लागत नाही. आणि सुटलेला पान्हा काही मिनिटंच टिकतो, तेवढ्यात कास मोकळी करावी लागते. हात बदलला, घरात पाहुणे आले, एवढ्यावरही पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात. चंद्रीने आमचे तिघांचेही हात चालवून घेतले. तिची अट एकच होती, आधी ढेपेची बादली आली पाहिजे. रात्री भिजत घातलेली सरकीची ढेप, त्यात तुरीची चुनी, वर मीठ. बादलीची कडी वाजली की तिचे कान पुढे यायचे. मग तोंड बादलीत, आणि रेडकाने दोन-चार ढुसण्या दिल्या की सड भरून ताठ व्हायचे. रेडकू बाजूला बांधून, कास धुऊन, पहिल्या चार धारा खाली सोडायच्या आणि मग चरवी लावायची. थंडीतल्या पहाटे त्या चरवीतून वाफ निघायची.

दूध किती? भर वेतात दोन्ही वेळचं मिळून सहा लिटरच्या आसपास. नागपुरी म्हैस एका वेतात साधारण हजार-बाराशे लिटर देते. हरियाणाची मुऱ्हा त्याच्या दुपटीला जाते. आमच्या गल्लीतल्या एकांनी कर्ज काढून दोन मुऱ्हा आणल्या होत्या. जनावरं देखणी, बादल्या भरून दूध. पण त्यांना हिरवा चारा रोज हवा, खुराक मोजून हवा, उन्हाळ्यात दिवसातून तीनदा पाणी मारायला माणूस हवा. घरातली सगळी माणसं नोकरीवर. दुसऱ्या उन्हाळ्याच्या आतच त्या विकाव्या लागल्या. ज्यांचा दिवस गोठ्यात जातो त्यांनी मुऱ्हा जरूर पाळावी. ज्यांचा दिवस दुसरीकडे जातो त्यांनी दुधाचा आकडा बघून जनावर घेऊ नये, हे माझं ठाम मत चंद्रीने तयार केलं. सोयाबीनचं, तुरीचं कुटार ती निमूट खायची. दुधाला फॅट मात्र आठच्या घरात. संकलन केंद्रावर म्हशीच्या दुधाला सहाचं फॅट धरून भाव लागतो. आमच्या रतीबाच्या घरांना विरजलेल्या दह्यावरूनच फरक कळायचा. मुलांच्या शिकवण्यांची फी कितीतरी वर्षं त्या रतीबातून गेली.

आणि नागपूरचा उन्हाळा! म्हशीचं कातडं काळं, घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून ती पाण्यात डुंबायला धावते. २०१३च्या मे महिन्यात शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपा तर अजून लागायचाच होता. शाळेला सुट्टी म्हणून मी घरी होते. गोठ्याला ओली पोती लावली, टाक्यातलं पाणी तिच्या पाठीवर ओतलं, की पाच मिनिटांत पाठ कोरडी. धापा टाकत होती, दूध निम्म्यावर आलं होतं, तरी संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिने गव्हाण चाटूनपुसून साफ केली. ही जात विदर्भाच्या उन्हातच घडली आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या वेताला तिला हेला झाला आणि ऐन थंडीत, महिन्याच्या आत, हगवण लागून गेला. त्या संध्याकाळी चंद्रीने ढेपेकडे पाहिलं नाही. कास तटतटलेली आणि सडाला थेंब नाही. ओळखीचा एक पोरगा म्हणाला, "आजी, सुई टोचा ना जी, दोन मिनिटात मोकळी होते." पान्हा सोडवायचं ते इंजेक्शन तेव्हा सर्रास चोरून मिळायचं. सासूबाई त्याच्यावर उसळल्याच, "तिचं लेकरू गेलं, अन् तुले दुधाची पडली?" त्या पाट घेऊन तिच्यापाशी बसल्या. कोमट पाण्याने कास शेकायची, मानेखाली खाजवायचं, बोलत राहायचं. किती तरी धारा वाया गेल्या, रतीब बंद ठेवावा लागला. मग एका सकाळी सड ओलावले. त्या वेतात दूध पुरतं वर आलं नाही, पण ती आमच्याशी पुन्हा जोडली गेली.

रात्रपाळीचा एक फायदा मात्र आम्हाला झाला. म्हशीचा माज, विशेषतः उन्हाळ्यात, मुका असतो. ओरडत नाही, उड्या मारत नाही, रात्री किंवा पहाटे सोट टाकते आणि दिवसा काहीच दाखवत नाही. तो हुकला की एकवीस दिवस गेले, असे दोन-तीन हुकले की जनावर भाकड बसतं. हे पाळीवरून आले की घरात शिरण्याआधी बॅटरी घेऊन गोठ्यात जात. चंद्रीचे बहुतेक माज त्यांनीच धरले.

पोळा बैलांचा. तरी सासूबाई त्या दिवशी चंद्रीच्या शिंगांना तेल लावत आणि पुरणाची पोळी तिच्या तोंडात देत. म्हातारपणी ती आटली तेव्हा व्यापारी दारावर यायला लागले. राज्यातल्या २०१५च्या कायद्याने बैलालाही संरक्षण मिळालं, म्हशीला नाही, त्यामुळे म्हाताऱ्या म्हशीला गिऱ्हाईक लगेच असतं. ह्यांनी प्रत्येकाला दारातूनच परत पाठवलं. चंद्री आमच्या गोठ्यातच गेली.

तिची वगार आणि त्या वगारीची वगार आमच्याकडे आहेत. आता अडचण वेगळीच आहे. रेतन करायला येणाऱ्याच्या डब्यात बहुतेक वेळा मुऱ्हाचीच कांडी असते, आणि गावोगावच्या म्हशी अशाच मुऱ्हाने भरवत गेल्याने लांब शिंगांची शुद्ध नागपुरी आता शोधावी लागते. मागच्या हिवाळ्यात चंद्रीच्या नातीला माज आला, तेव्हा नागपुरीची कांडी नव्हती. आम्ही तो माज सोडून दिला. फोनाफोनी करून कांडी मिळवली आणि एकवीस दिवसांनी तिला भरवली. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय, राहिली आहे.