बिझी आहेस?

'काय चाललंय?' या प्रश्नाला आपल्या सगळ्यांचं एकच उत्तर ठरलेलं. 'बिझी यार!' चिनी माणूसही तेच सांगतो. 'माङ!' ऑफिसच्या कामासाठी मँडरिन शिकायला घेतली, तेव्हा हे अक्षर मला पहिल्या भेटीतच आपलं वाटलं.

लिहायलाही सोपं. डावीकडे तीन रेघांत हृदय, उजवीकडे 'वाङ'. या 'वाङ'चे जुने अर्थ म्हणजे पळणं, हरवणं, मरणं. म्हणजे बिझी माणसाचं हृदय मेलेलं? चीनमध्येही हा अर्थ हौसेनं सांगतात. खरी गोष्ट साधी आहे. हृदय इथे अर्थाचा इशारा देतं आणि 'वाङ' उच्चाराचा, बस्स! बहुतेक चिनी अक्षरं अशीच जुळवलेली आहेत. शू शेन या पंडितानं इसवी सन 100च्या सुमारास आपल्या कोशात ही पद्धत सांगितली होती.

पण गंमत पुढेच आहे. हेच दोन भाग शेजारी न ठेवता एकावर एक ठेवा. वर 'वाङ', खाली हृदय. झालं नवं अक्षर. अर्थ? विसरणं! उच्चारही 'वाङ'च, फक्त सूर खाली उतरणारा.

हल्ली बाबा फोन करण्याआधी मेसेज टाकतात, 'बिझी नाहीस ना?' तो वाचला की मला हे दुसरं अक्षर दिसतं. विचारतात बिझीचं, पण त्यांना जाणून घ्यायचं असतं विसरण्याचं. अशा मेसेजला मी रिप्लाय करत नाही. सरळ फोन लावते.