तोंड वासलेला राक्षस

कॅकोडेमन हा ‘डूम’ या संगणकावरच्या खेळातला राक्षस. तांबडा, गोल, हवेत तरंगणारा. हातपाय नाहीत, सगळा देह म्हणजे जवळजवळ नुसते डोकेच. त्याला शिंगे, मधोमध एकच हिरवा डोळा आणि त्याखाली जबडाभर दात. तोंड वासले की आत निळा रंग दिसतो आणि तिथूनच आगीचा लोळ सुटतो. टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीने ‘डूम’ १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला. या खेळात खेळणाऱ्याला स्वतःचे शरीर दिसत नाही, पडद्याच्या तळाशी हातातले शस्त्र तेवढे दिसते. त्यामुळे समोरचा राक्षस थेट अंगावर येतो.

तेव्हाच्या घरगुती संगणकांना त्रिमितीतले राक्षस पेलवत नसत. म्हणून कॅकोडेमनची वेगवेगळ्या दिशांनी दिसणारी सपाट चित्रे काढलेली होती आणि खेळणारा जिथे उभा असेल त्याप्रमाणे योग्य ते चित्र पडद्यावर येई. मेलेल्या कॅकोडेमनला मात्र ही सोय नव्हती. कोणत्याही बाजूने जवळ गेले तरी त्याचे मढे तोंड खेळणाऱ्याकडेच करून पडलेले दिसे. गोळी लागल्यावर उडणारे रक्त लाल आणि मेल्यावर बाहेर आलेला कोथळा निळा, हा घोळही पोरांच्या नजरेतून सुटला नाही.

‘डूम’चा पहिला भाग फुकट वाटण्यासाठी होता. फ्लॉपीवरून एका संगणकावरून दुसऱ्यावर तो सहज जाई. कॅकोडेमन या भागात नाही. तो भेटतो दुसऱ्या भागात, मंगळाच्या डिमॉस या चंद्रावर. त्यामुळे तेव्हाच्या औरंगाबादेत शाळकरी वयाच्या ज्या मुलांपर्यंत नुसती फुकटातली फ्लॉपी पोहोचली, त्यांना हा राक्षस ऐकूनच माहीत. पूर्ण खेळ हाती लागेपर्यंत त्याचे वर्णन तोंडोतोंडी चालू राही आणि दर वेळी तो थोडा मोठा होई.

प्रत्यक्ष गाठ पडली की पहिली खोड कळते ती संथपणाची. इंप नावाचा साधा राक्षस ६० गुणांच्या माऱ्यात संपतो, कॅकोडेमनला ४०० लागतात. पण तो रमतगमत येतो. लहान वयात हा संथपणा लक्षात येत नाही. मूल मागे मागे सरकत भिंतीला टेकते आणि तिथेच मरते. थोडे मोठे झाल्यावर रॉकेट खर्ची पडतात. खरी मेख त्यानंतर समजते. १९९७ च्या डिसेंबरात खेळाची मूळ आज्ञावली खुली झाली, तिच्यात ती आकड्यांत लिहिलेली आहे: कॅकोडेमन दुखून थबकण्याची शक्यता २५६ पैकी १२८. म्हणजे लागलेल्या दर दोन गोळ्यांमागे साधारण एकदा तो थबकतो. एका दमात गोळ्यांची सर सोडणारी चेनगन हातात असेल तर त्याला लोळ सोडायला उसंतच मिळत नाही.

ताकदीने नव्हे तर त्याची मेख ओळखूनच मारावा लागणारा असुर औरंगाबादकरांना आधीपासून ठाऊक आहे. शाळेची सहल वेरूळला गेली की मुले कैलास लेण्यात रमतात. पंधराव्या लेण्याच्या, म्हणजे दशावतार लेण्याच्या, वरच्या मजल्यावर मात्र अंधकासुरवधाचा पट आहे. अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा अंधक उभा राहतो, अशी पुराणकथा. जितके वार, तितके शत्रू. म्हणून पटात त्रिशूळ चालवणारा शिव एकटा नाही. खाली हाडांचा सापळा झालेली, डोळे खोल गेलेली काली आहे. एका हातात सुरी, दुसरा हात रक्त वरच्या वर झेलायला वाडगा धरून पुढे केलेला. शिल्पकाराने लढाईची सगळी युक्ती त्या वाडग्यात दाखवली आहे. हाच वध चौदाव्या लेण्यात आणि धुमार लेण्यातही कोरलेला आहे. शत्रू तोच, त्याची अटही तीच.

१९९४ च्या ‘डूम २’मध्ये अंधकाचा भाऊबंद शोभेल असा राक्षस आला: पेन एलिमेंटल. कॅकोडेमनसारखाच गोल आणि एकडोळ्या, पण रंगाने मातकट. तो स्वतः मारा करत नाही, तोंडातून जळत्या कवट्या सोडतो आणि त्या चावायला धावतात. कवट्या मारत बसणाऱ्याचा दारूगोळा संपतो. जाणता खेळाडू थेट त्याला जाऊन भिडतो, कारण समोर जागाच नसेल तर नवी कवटी बाहेर पडल्यापडल्या फुटते. वेरूळच्या वाडग्याचे काम इथे अंगाला भिडण्याने होते.

पुढे कॅकोडेमनचे रूप पालटत गेले. २००४ च्या ‘डूम ३’मध्ये तो खराखुरा त्रिमितीतला झाला, पण तांबडा रंग जाऊन मळकट झाला आणि खाली सोंडांसारखे अवयव लोंबू लागले. २०१६ मध्ये जुना तांबडा गोलपणा परत आला. ‘डूम इटर्नल’ २० मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी लागण्याच्या काही दिवस आधी निघाला. फ्लॉपीवर पहिला ‘डूम’ खेळलेली मुले एव्हाना आईबाप झाली होती. इटर्नलमध्ये कॅकोडेमनसाठी नवी युक्ती आहे: तोंड वासले की आत हातबॉम्ब टाकायचा. तो गिळतो, पोटात स्फोट होतो, आणि झिंगलेल्या राक्षसाचा डोळा जवळ जाऊन उपटता येतो.

बदल होतात ते रंगात, कातडीत आणि मारण्याच्या तऱ्हेत. तरंगणे, गोल देह आणि वासलेले तोंड या तीन खुणा कायम राहिल्या, म्हणून तीस वर्षांनंतरही दोन पिढ्या त्याला एकाच नावाने हाक मारतात. पहिल्या खेळात ज्या तोंडापासून मुले पळत होती, तेच तोंड इटर्नलमध्ये नेम धरण्याची जागा ठरले.