मागच्या एक्सलची टिपणं

ड्रायव्हर पिकअप लावतो आणि खाली उतरत म्हणतो, “मिस्तरी, मागनं घुंई करती.” एवढ्या वाक्यावर क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलची दातांची जोडी, खाली उतरवायला घेणारे पुष्कळ पाहिलेत. मी पान्याला हात लावत नाही. गाडी त्यालाच चालवायला सांगतो, स्वतः शेजारी बसतो आणि विचारत जातो. भरल्या गाडीला आवाज जास्त येतो का रिकाम्या? रेस दिल्यावर का सोडल्यावर? वळणावर बदलतो का? ओतूर-नारायणगावचा माल भरून रात्री माळशेज उतरणाऱ्या माणसाचा कान त्या गाडीला लागलेला असतो. त्याला डिफरन्शियलच्या आतलं माहीत नसेल, पण कालच्यापेक्षा आज काय वेगळं वाजतंय ते त्याच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. दुरुस्तीचा अर्धा भाग या बोलण्यातच उरकतो.

*

सगळ्यात आधी टायर. खवले पडलेले, एका बाजूनं झिजलेले टायर हुबेहूब डिफरन्शियलसारखे घुमतात. फरक रस्ता दाखवतो. डांबर संपून काँक्रीट लागलं आणि आवाजाची जात बदलली, तर टायर. डिफरन्शियलला खाली डांबर आहे का काँक्रीट, याचं काही देणंघेणं नसतं. शंका राहिली तर पुढचे टायर मागं घालून पुन्हा एक चक्कर. खर्च शून्य.

*

मोकळ्या सरळ रस्त्यावर, पुढंमागं कोणी नाही हे पाहून, गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवायची. वजन एका बाजूला गेलं की आवाज वाढतो, दुसऱ्या बाजूला गेलं की कमी होतो, असं असेल तर संशय चाकाच्या बेअरिंगवर. बऱ्याचदा गोष्ट इथंच संपते, आणि मधला गोळा उघडायची वेळच येत नाही.

*

आकडेमोड करून पाहिली. पिनियनला १० दात, क्राऊनला ४१, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात पिनियनचे ४.१ फेरे. टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे साडेसात फेरे घेतं, म्हणजे दर सेकंदाला ३१० च्या आसपास दात एकमेकांना भिडतात. पेटीवर मधल्या सप्तकातली काळी दोन दाबावी, जवळजवळ तोच सूर. वेग ५० वर आणला की सूर पांढरी एकच्या जवळ उतरतो. म्हणून दातांचा आवाज हा सूर असतो, बेअरिंगचा आवाज खरखर किंवा घरघर. आणि हा सूर गाडीच्या वेगाला बांधलेला असतो, इंजिनाला नाही. त्याच वेगात चौथ्यातून तिसऱ्यात टाकून बघा. इंजिन ओरडेल, मागचा सूर जागचा हलणार नाही. हलला, तर शोध पुढं गिअरबॉक्सकडे न्यायचा.

*

ओढताना वाजतं आणि रेस सोडली की थांबतं, तर दातांची ओढीची बाजू खराब, किंवा बसवणी चुकलेली. उलट, रेस सोडल्यावर, उतारावर गाडी इंजिनावर धरली की वाजतं, तर आधी पिनियनची बेअरिंग बघावी. त्यांचा ताण गेला की रेस सोडताच पिनियन जागचं सरकतं. दोन्ही वेळा सारखंच घरघरतं, तर क्राऊनच्या दोन बाजूंची बेअरिंग. गाडी हलवताना एकदाच ‘ठक्’, तर आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हातानं हलवून पाहावा. स्वस्तातला भाग आहे, आणि महागड्या भागावर आळ नेहमी याच्यामुळं येतो.

*

फक्त वळणावरच वाजत असेल तर स्टार गिअर. ते सरळ रस्त्यावर आपापसात फिरतच नाहीत, सगळा जुडगा क्राऊनबरोबर एकत्र फिरतो. पूर्ण उलट्या वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर तोडतं. दोन चाकांत १.४ मीटर अंतर धरलं तर हा फरक साधारण ४.४ मीटर येतो, म्हणजे चाकाचे दोन फेरे. वळण मोठं असो की छोटं, फरक तेवढाच. तो हे स्टार गिअर आपापसात फिरून सांभाळतात. पॅरिसच्या ओनेसिफोर पेकरनं १८२८ च्या पेटंटात वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती मांडली. आज घाटात उतरणारं प्रत्येक पिकअप त्याच युक्तीवर वळतं. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

*

तेल काढताना घाई नको. ड्रेन नटाच्या चुंबकावर करडा, मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज. बोटांत कण टोचले तर बेअरिंग सोलायला लागलंय. दाताचा तुकडा निघाला तर बोलणंच संपलं. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात हे फार दिसतं. तापलेलं हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. वर चिखलानं बुजलेला ब्रीदर असेल तर आणखीच. एवढीशी टोपी, पण ती मोकळी ठेवायला कोणी सांगत नाही. मी प्रत्येक गाडीची फुंकून बघतो.

*

उघडण्याआधी मोजायचं. जुन्या दातांतली चाल किती, ठसा कुठं पडतो, पिनियन फिरवायला किती जोर लागतो, सगळं वहीत. बेअरिंगच्या कॅपांवर पंचनं खुणा, कारण डावी उजवीकडे गेली की भोकाचा गोल बिघडतो. कुठली शिम कुठून निघाली तेही लिहायचं. उघडल्यावर ही माहिती जगात कुठंच उरत नाही. आमच्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी यावरूनच ओळखतो. कोण आधी वही काढतो आणि कोण हातोडा.

*

१० आणि ४१ यांना भागणारा सामाईक आकडा नाही. त्यामुळं पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भेटतो, आणि सगळे एकमेकांवर सारखे घासून बसतात. कारखान्यातही ही जोडी एकत्रच घासून बसवलेली असते, दोन्ही भागांवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. म्हणून नुसतं पिनियन बदलून पैसे वाचवू, असं कोणी म्हणालं तर मी काम घेत नाही.

*

बसवणी. सगळं कसब इथं आहे, बाकी नुसती मेहनत.

आधी पिनियनची खोली. ०.०५ मिलिमीटरच्या शिमनंही ठसा सरकलेला दिसतो. मग पिनियनच्या बेअरिंगचा ताण. ज्या एक्सलमध्ये दोन बेअरिंगांमध्ये चेपणारी कॉलर असते तिथं नट थोडा आवळायचा, फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्यानं ओढून बघायचं, पुन्हा थोडा. हे चाललं असताना मी कोणाशी बोलत नाही. जास्त आवळला गेला तर नट मागं घेऊन चालत नाही, कॉलर चेपली ती चेपली, नवी आणायची. एअर गननं एका दमात नट कसून देणारे काटाही लावत नाहीत आणि कॉलरही बदलत नाहीत. तीच गाडी थोड्या दिवसांनी पुन्हा वाजत येते, आणि दोष बेअरिंग बनवणाऱ्याला जातो.

मग क्राऊनची चाल. डायल गेज लावून, क्राऊनच्या घेरावर चार ठिकाणी. अशा छोट्या एक्सलना साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर, पण पुस्तकात त्या गाडीचा जो आकडा असेल तोच खरा. चारही ठिकाणी सारखी आली नाही तर क्राऊन वाकडा बसलाय, खाली कचरा अडकलाय.

शेवटी दातांना निळा लेप लावून, क्राऊनला हातानं अडवून धरत फिरवायचं. ठसा दाताच्या बुडाशी पडला तर पिनियन जास्त आत, टोकाला पडला तर जास्त बाहेर. पिनियन हलवलं की चालही बदलते, म्हणजे ती पुन्हा लावायची, पुन्हा ठसा. ठसा दाताच्या मधोमध येईपर्यंत हेच. दिवस गेला तरी जाऊ दे. गाडीवाला बाहेर खोळंबलेला असतो, त्याचा माल सडण्याची भीती खरी असते, तरीही इथं घाई करून त्याचं भलं होत नाही. त्याला हा ठसा नेऊन दाखवला की तो समजतो.

*

आवाज दाबायला जाड ग्रीस ठासणं, विकण्याआधी तेलात लाकडाचा भुसा टाकणं, हे धंद्यात जुनं आहे. ग्रीस पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही आणि भुसा तेलाची वाट बुजवतो. अशी गाडी भरून घाटात जाते. याला मी फसवणूक म्हणत नाही, माणसाच्या जिवाशी केलेला खेळ म्हणतो.

*

‘नव्वद नंबर टाका’ एवढं पुरत नाही. नव्वद हा नुसता तेलाचा जाडपणा. या दातांत पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसतं, त्यामुळं दात नुसते गडगडत नाहीत, घसरतातही. त्या दाबाखाली टिकायला बहुतेक अशा एक्सलना जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. डब्यावर तेवढं वाचून घ्यावं.

*

नवी जोडी बसवल्यावर पहिली चक्कर रिकामी, पंधरा-वीस मिनिटं, मग गार होऊ द्यायची. पहिले काही दिवस अर्धाच माल. सुमारे ८०० किलोमीटरला तेल बदलून चुंबक पुन्हा बघायचा. आणि एक्सलच्या सीलमधून तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलेलं असेल तर लायनर पेट्रोलनं धुऊन परत लावायचे नाहीत, बदलायचे. दोन्ही बाजूंचे. तेल प्यायलेला लायनर उतारावर एका बाजूला धरतो, दुसऱ्या बाजूला सोडतो. गाडीवाला पैशांसाठी नको म्हणाला तर लायनर मी उधारीवर घालतो, पण माळशेजला जाणारी गाडी तशी सोडत नाही.